रात्री मोजून आखलेला युरोप : नागपूरहून निघणाऱ्यांसाठी

युरोपचा प्रवास ठरला की घरात पहिल्यांदा शहरांची यादी तयार होते, आणि नातेवाईक, शेजारी व व्हॉट्सॲपवरचे स्नेही यांच्या सूचनांनी ती आठवडाभरात दुप्पट होते. आमच्या पहिल्या युरोपवारीत एका प्रवासी कंपनीच्या बसमधून बारा दिवसांत नऊ शहरे झाली. त्यांपैकी फ्लॉरेन्स म्हटले की मला आजही बस थांबली ती जागा, तिथून कॅथेड्रलपर्यंतची पळापळ आणि परत चढताना झालेली डोकेमोजणी एवढेच आठवते. तेव्हापासून आखणीची एकच पद्धत मला पटली आहे. आधी एकूण रात्री ठरवाव्यात, मग त्या शहरांना वाटून द्याव्यात, आणि रात्री संपल्या की यादी तिथेच थांबवावी, मग पॅरिस राहिले तरी चालेल.

या हिशेबाचा आधार साधा आहे. शहर बदलायचे म्हणजे सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, गाडीचा प्रवास आणि नव्या गावात पुन्हा पत्ता शोधणे यांत किमान अर्धा दिवस जातो. म्हणून एखाद्या शहरात तीन रात्री घेतल्या तर हाती दोनच पूर्ण दिवस लागतात, आणि एक रात्र घेतली तर हाती काहीच लागत नाही. रोमला पाच रात्रींहून कमी देऊ नयेत असे माझे मत आहे. व्हेनिसला तीन पुरतात.

काळ निवडताना नागपूरकराला मे महिन्याचा मोह होणारच, कारण ४५ अंशांतून सुटका आणि मुलांची सुट्टी दोन्ही एकदम साधतात. एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा आरंभ हा काळ खरोखर चांगला असतो. मात्र १ मे रोजी अनेक संग्रहालये बंद असतात आणि २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन असतो, एवढे ध्यानात ठेवावे. मुलांच्या शाळेचे बंधन नसलेल्यांनी सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये रोमचा पारा ३५ च्या पुढे जातो हे ऐकून आपल्याला हसू येते, परंतु तापलेल्या दगडी चौकात चार तास उभे राहण्याची सवय आपल्यालाही नसते, कारण अशा दुपारी आपण घरी कूलरसमोर असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, आपल्याशी असलेला फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांचा होतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. जूनमध्ये व्हिएन्ना-प्रागला रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

आता वीस रात्रींचा एक नमुना घेऊ : रोम ५, फ्लॉरेन्स ४, व्हेनिस ३, व्हिएन्ना ४ आणि प्राग ४. ही सगळी शहरे रेल्वेने जोडलेली आहेत. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने सुमारे दीड तासावर आणि तिथून व्हेनिस सुमारे दोन तासांवर आहे. व्हेनिस ते व्हिएन्ना हा सात-साडेसात तासांचा लांब पल्ला आल्प्सच्या रांगांतून जातो, आणि व्हिएन्नाहून प्राग चार तासांत येते. विमानाचे तिकीट काढताना जाताना रोमला उतरणे आणि येताना प्रागहून निघणे असे दोन वेगळ्या शहरांचे तिकीट मागावे, म्हणजे परतीसाठी पुन्हा रोम गाठण्याचा एक दिवस आणि तेवढे पैसे वाचतात.

रात्री वाटून झाल्या की वार बसवावेत. आखणीतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि प्रवासाचे सुख बहुतांशी यावरच अवलंबून असते. फ्लॉरेन्समधील उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेली अकादमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. रोममधील बोर्गेझे संग्रहालयही सोमवारी बंद असते, आणि इतर दिवशी तिथे आधी वेळ राखून ठेवल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात; महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती सकाळी विनामूल्य उघडतात, पण त्या रांगेत उभे राहण्यापेक्षा पैसे भरलेले बरे. प्रागचे ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असते, आणि तिथल्या किल्ल्यातील सेंट व्हीटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना पाहता येत नाही.

हे सगळे समोर ठेवून पाहिले तर रोमला मंगळवारी उतरणे सोयीचे ठरते. बुधवार ते शनिवार असे चार पूर्ण दिवस रोमला मिळतात आणि व्हॅटिकन त्यांत सहज बसते. रविवारी फ्लॉरेन्सला जावे. सोमवारी संग्रहालये बंद असल्याने तो दिवस बसने जवळचे सिएना हे जुने शहर पाहण्यासाठी द्यावा, आणि मंगळवार-बुधवार उफिझी, अकादमिया व कॅथेड्रलचा घुमट यांसाठी ठेवावेत. गुरुवारी व्हेनिस, पुढच्या रविवारी व्हिएन्ना, त्यापुढील गुरुवारी प्राग आणि सोमवारी परतीचे विमान. या क्रमात व्हिएन्नाला पोहोचण्याचा दिवस रविवार येतो, आणि त्या दिवशी तिथली दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील किराणा दुकाने तेवढी उघडी सापडतात, म्हणून दूध-ब्रेड स्टेशनवरच घेऊन बाहेर पडावे. व्हिएन्नाचा सोमवार मात्र वाया जात नाही, कारण शोनब्रुन राजवाडा रोज उघडा असतो.

रात्रींच्या याच वाटपावरून व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही ठरते. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसांतील सीमा-तपासणी काढून टाकलेल्या गटातील, २९ देशांसाठी एकच व्हिसा लागतो, आणि ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम समान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश होणार त्याकडे. वरील नमुन्यात बारा रात्री इटलीत आहेत, म्हणून अर्ज इटलीकडे जाईल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारणतः १५ दिवस लागत असले तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मेच्या प्रवासासाठी मार्चमध्ये जागे होणाऱ्यांना अर्ज केंद्राची वेळ मिळवताना घाम फुटतो, म्हणून ही हालचाल जानेवारीतच सुरू करावी. प्रौढ व्यक्तीसाठी शुल्क ९० युरो आहे, सेवाकेंद्राचे शुल्क वेगळे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा हवा. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, आणि ते कोणत्या शहरात हे त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच मुंबईचे रेल्वे आरक्षण करावे. आधीच्या शेंगेन व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरले जातात.

कागदपत्रांत आयकर विवरणपत्रे, बँकेचा तपशील, नोकरदारांसाठी रजा मंजुरीचे पत्र व निवृत्तांसाठी पेन्शनची कागदपत्रे आणि दिवसवार कार्यक्रम एवढे प्रामुख्याने लागते. यांतला दिवसवार कार्यक्रम वरील पद्धतीने तयार असेल तर हॉटेलची आरक्षणे आणि त्यातील तारखा आपोआप जुळतात. एक बारीक पण त्रासदायक मुद्दा नावाचा आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव पासपोर्टवर असते. विमानाच्या तिकिटावर, विम्यावर आणि कलोसियम या रोमच्या प्राचीन रंगभूमीच्या तिकिटावरही ते पासपोर्टवर आहे तसेच लिहावे, कारण कलोसियमची तिकिटे नावानिशी दिली जातात आणि दारात ओळखपत्र पाहिले जाते.

पैसे कोणत्या क्रमाने गुंतवावेत यालाही महत्त्व आहे. प्रथम रद्द करता येतील अशी हॉटेले घ्यावीत, मग व्हिसा, आणि तो हाती आल्यावरच परत न मिळणारे खर्च करावेत. व्हॅटिकनची तिकिटे साधारण दोन महिने आधी मिळू लागतात आणि कलोसियमची ३० दिवस आधी, म्हणजे ती तशीही व्हिसानंतरच येतात. व्हेनिस-व्हिएन्नासारख्या लांब पल्ल्याची स्वस्त रेल्वे तिकिटे मात्र लवकर संपतात, म्हणून व्हिसा मिळाल्या दिवशीच ती काढावीत. युरोपच्या रेल्वे पासबद्दल आपल्याकडे फार बोलले जाते. पाच-सहाच गाड्या घ्यायच्या असतील तर सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात, शिवाय इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे वेगळे पैसे द्यावे लागतात. रात्रीच्या मुक्कामाचा शहरकर अनेकदा हॉटेलातच वेगळा घेतला जातो, तो अंदाजपत्रकात धरावा. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की युरो असे विचारले तर युरोच निवडावेत, कारण रुपयांचा दर जवळजवळ नेहमी महाग पडतो. प्रागमध्ये चलन कोरुना आहे.

नागपूरहून निघताना सोनेगाव विमानतळापासून रोमपर्यंत एकाच तिकिटाचा प्रवास मिळाला तर चार पैसे जास्त देऊनही तो घ्यावा. नागपूर-मुंबई आणि मुंबई-रोम अशी दोन सुटी तिकिटे काढली आणि पहिले विमान रखडले, तर दुसऱ्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही. रात्रीच्या रेल्वेने मुंबई गाठायची असेल तर एक पूर्ण दिवस मध्ये मोकळा ठेवावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर चेहरा व बोटांचे ठसे नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे, त्यामुळे उतरल्या दिवशी कोणतेही ठरावीक वेळेचे तिकीट काढू नये.

शरीराची तयारी हा भाग आपण हसण्यावारी नेतो. जुन्या शहरांत दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे होते आणि तेही दगडी फरसबंदीवर. फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही; व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. निघण्यापूर्वी दोन महिने अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठाने, प्रवासात घालायचे तेच बूट घालून रोज चालावे, आणि भरलेली बॅग एकदा तरी स्वतःच्या इमारतीचे दोन मजले हाताने चढवून पाहावी. जी बॅग वर जाताना दोनदा खाली ठेवावी लागते तिच्यातील एक तृतीयांश कपडे काढून टाकावेत.

त्याच दोन महिन्यांत प्रत्येक शहरासाठी घरी एक संध्याकाळ वाचनाला द्यावी, नाहीतर रोमचा फोरम, म्हणजे प्राचीन शहराचा मुख्य चौक, म्हणजे नुसते पडके खांब वाटतात. फ्लॉरेन्सच्या घुमटाचे काम १४२० ते १४३६ या काळात वास्तुकार ब्रुनेलेस्कीने खालून लाकडी कमानीचा आधार न देता केले, हे ठाऊक असले की त्या ४६३ पायऱ्या चढताना घुमटाच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन कवचांमधली वाट आणि विटांची तिरकी रचना डोळ्यांना दिसू लागते. व्हिएन्नाचा रिंगस्ट्रासे हा वळसा घालणारा रस्ता पूर्वीच्या तटबंदीच्या जागी आहे. १६८३ मध्ये तुर्कांचा वेढा झेललेली ती तटबंदी १८५७ नंतर पाडली गेली, आणि ट्रामने त्या रस्त्यावर फिरताना जुन्या शहराचा घेर किती लहान होता ते समजते. व्हेनिसचे हजार वर्षांचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनपुढे संपले, तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी भोसले होते. अशा जोड्या लावल्या की तारखा लक्षात राहतात, निदान माझ्या तरी राहतात.

खाण्याची चिंता आपण गरजेपेक्षा जास्त करतो. इटलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही; प्रागमध्ये थोडे शोधावे लागते. बिलावर दिसणारा ‘कोपेर्तो’ हा इटलीतील माणशी बसण्याचा आकार आहे, त्यावरून वेटरशी वाद घालू नये. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तेव्हा एक ओढणी किंवा उपरणे हाताशी ठेवावे. खोलीत स्वयंपाकघर असेल तर पोह्यांचे पाकीट, भाजणी आणि तर्रीचा मसाला कामास येतो. तूप मात्र घरीच ठेवावे, कारण मांसाचे व दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. ताज्या फळांनाही बहुतेक सगळ्यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, त्यातून केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्यूरियन तेवढे सुटलेले आहेत. म्हणून रोमला कोणा परिचितांकडे उतरायचे असेल आणि हाती काही न्यायचे असेल, तर इतवारी बाजारातून घेतलेली संत्री सोनेगावपर्यंत सोडायला आलेल्यांच्या हाती परत द्यावीत.