दूरच्या शहराचे हवाई अंतर आणि घरापासूनचा प्रवासवेळ कसा काढावा

'दुबई तीन तासांवर आहे' हे वाक्य रत्नागिरी किंवा चिपळूणच्या प्रवाशाच्या फारसे कामाचे नाही, कारण ते तीन तास मुंबईच्या विमानतळापासून मोजलेले असतात. घरापासूनचा हिशोब स्वतःच मांडावा लागतो.

प्रथम दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश नकाशावरून टिपून घ्यावेत. मुंबई १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व आणि दुबई २५.३ उत्तर, ५५.४ पूर्व. अक्षांशांतील फरक ६.२ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर धरल्यास ६८८ किलोमीटर होतात. रेखांशांतील फरक १७.५ अंश, परंतु उत्तरेकडे रेखांश एकमेकांजवळ येत असल्याने १११ ने गुणल्यावर मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २२ अंशांच्या, कोसाइनने (०.९२७) पुन्हा गुणावे, उत्तर सुमारे १,८०० येते. या दोन बाजूंवर शाळेतला पायथागोरस लावला की कर्ण सुमारे १,९३० किलोमीटर मिळतो, आणि तो खऱ्या अंतराच्या अगदी जवळ असतो.

लंडनसाठी मात्र ही रीत वापरू नये. तिने अंतर ७,५५० च्या आसपास येते, प्रत्यक्षात ते सुमारे ७,२०० आहे, कारण इतक्या लांबवर पृथ्वीचा गोलावा दुर्लक्षून चालत नाही. त्याऐवजी पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बसवावा, तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवून अंश मोजावेत व १११ ने गुणावे. हा दोरा इराण आणि कॅस्पियन समुद्रावरून जातो. विमाने मात्र बंद हवाई हद्दी टाळत असल्याने त्याहून थोडा वळसा घालून जातात.

वेळेसाठी अंतराला ताशी ८५० किलोमीटरने भागावे आणि धावपट्टीवरील रांग, चढण व उतरण यांसाठी पाऊण तास मिळवावा. दुबईला तीन तास होतात. लंडनला सव्वानऊ येतात, पण जाताना पश्चिमेकडून येणारा वारा समोरून लागत असल्याने दहा तास धरलेले बरे. परतताना तोच वारा मदत करतो.

तिकिटावरील वेळा त्या-त्या शहराच्या असतात. मुंबईहून रात्री १० ला निघालेले विमान दुबईत ११.४५ ला उतरत असेल, तर दुबईचे घड्याळ दीड तास मागे असल्याने उड्डाण सव्वातीन तासांचे ठरते. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार.

आता खरा हिशोब. रात्री १० च्या दुबईच्या विमानासाठी संध्याकाळी ७ ला विमानतळावर हजर व्हावे. मुंबईतील स्टेशनपासून तिथपर्यंत दीड तास, गाडी रखडल्यास दोन तास राखीव, रेल्वेचे सात-आठ तास आणि गावाबाहेर कुवारबावला असलेले रत्नागिरी स्टेशन गाठायला अर्धा तास, असे उलटे मोजत गेल्यास सकाळी सातलाच घर सोडावे लागते. दुबईत उतरेपर्यंत सव्वाअठरा तास जातात, त्यातले विमानात जेमतेम सव्वातीन. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेग कमी करून वेगळे वेळापत्रक लावते, तेव्हा जुन्या वेळा गृहीत धरू नयेत. आणि गणपती विसर्जनानंतर मुंबईकडे परतणाऱ्या गर्दीत महामार्गाचा तर तासांत अंदाजच करू नये. आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जावे.

सावंतवाडी-कुडाळकडील प्रवाशांनी हाच हिशोब गोव्यातील मोपा विमानतळ धरूनही मांडावा. तिथून थेट विमान नसेल आणि वाटेत विमान बदलण्यासाठी चार तास बसावे लागत असले, तरी घरापासूनची बेरीज पुष्कळदा मुंबईपेक्षा कमीच भरते.