रडारवर सुपरसेलमधली फिरती हवा कशी ओळखायची

ओक्लाहोमा-टेक्सासच्या मैदानांत एप्रिल ते जून हा टॉर्नेडोचा मोसम. डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांतही तेव्हा फोनवर रडार उघडं असतं, पण बघितले जातात ते पावसाचे रंग. सुपरसेल म्हणजे ज्याच्या आत वर चढणारा हवेचा झोत फिरत असतो असं गडगडाटी वादळ. हवा फिरते आहे का, हे कळतं वेगाच्या चित्रावरून.

आधी पावसाच्या चित्रात रडारच्या किरणाचा सर्वांत खालचा, 0.5 अंशाचा कोन निवडा. वादळाच्या नैऋत्य कडेला गळासारखं वाकलेलं शेपूट दिसलं, की ती जागा धरून ठेवा आणि वादळसापेक्ष वेगाचं, म्हणजे वादळाची स्वतःची चाल वजा केलेलं, चित्र लावा. हिरवा म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे दूर जाणारा. रडारपाशी उभं राहून वादळाकडे तोंड केलं आहे असं समजा. डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल, दोन्ही सारख्याच अंतरावर आणि एकमेकांना खेटून असतील, तर हवा घड्याळाच्या उलट फिरते आहे. एकामागे एक असतील तर ती फिरकी नव्हे. हवा एकवटते आहे किंवा फाकते आहे. नवखे इथेच फसतात.

ही फिरकी येते कुठून? जमिनीलगत वारा मंद, वर जोरकस आणि वेगळ्या दिशेचा, त्यामुळे मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरते. वर चढणारा झोत ते लाटणं उभं करतो. हाच मेसोसायक्लोन, साधारण 3 ते 10 किमी रुंद. पण तो ढगात उंचावर असतो, आणि बहुतेक मेसोसायक्लोन टॉर्नेडो देत नाहीत. त्यासाठी जमिनीलगतही फिरकी लागते, आणि ती घडवण्यात वादळातून खाली उतरणाऱ्या हवेचा मोठा वाटा असतो. ही हवा फार थंड, जड असेल तर वर उचललीच जात नाही. थोडी उबदार असेल तर वरचा झोत तिला ओढून ताणतो, घेर आकसतो आणि वेग वाढतो.

म्हणून जवळचंच रडार निवडा. 100 किमीवर 0.5 अंशाचा किरणही जमिनीपासून सुमारे दीड किमी उंच गेलेला असतो. खालची फिरकी त्याला दिसतच नाही.

शेवटी सहसंबंध गुणांक (correlation coefficient, CC) बघा, म्हणजे किरणाला दिसणारे कण एकमेकांसारखे किती आहेत त्याचा आकडा. पावसात तो 0.95 च्या वर राहतो. लाल-हिरव्या जोडीवरच तो 0.8 च्या खाली घसरला आणि तिथेच परावर्तनही (पावसाच्या चित्रातला रंग) जोरदार असेल, तर हवेत उडतो आहे तो घरांचा, झाडांचा चुरा. त्या खुणेची वाट मात्र बघत बसू नका. 20 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या मूर शहराचा टॉर्नेडो दुपारी 2:56 ला जमिनीला टेकला. इशारा 2:40 ला निघाला होता. इशारा आला की फोन खिशात, आणि सगळ्यांनी तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत.