ओळखीतलं कुणी ‘माझी कुंडलिनी जागृत झाली’ म्हणालं तर

कुंडलिनी म्हणजे योगात मानलेली, पाठीच्या कण्याच्या तळाशी सुप्त असलेली शक्ती. ती जागी झाली असं जिन्यात गाठून किंवा रात्री साडेअकराला फोन करून कुणी सांगितलं, की माणसं एकतर हसतात, नाहीतर हात जोडतात. हसलात तर तो पुढचं काही सांगणार नाही, आणि कळायला हवं ते नेमकं पुढचंच. हात जोडलेत तर उद्या त्याला स्वतःलाच शंका आली तरी मागे फिरायला लाज वाटेल.

आधी दहा मिनिटं ऐका. मग घटना विचारा, अर्थ नको: कधी झालं, कुठे बसला होतास, अंगात काय जाणवलं, किती वेळ टिकलं? ‘अनाहत (योगात मानलेलं छातीतलं चक्र) उघडलं’ हा अर्थ झाला. ‘छातीत ऊब आली आणि रडू फुटलं’ ही घटना. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे, त्यामुळे असे शब्द आपल्याकडे सहज तोंडी येतात. उत्तर एवढंच द्या: “तुला हे जाणवलं, ते खरंच. त्याचा अर्थ काय, ते मला नाही सांगता येणार.”

इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी दहाएक तास ध्यान असतं आणि मौन दहाव्या दिवशी सुटतं. तिथून आलेला माणूस काही दिवस भडाभडा बोलणारच. बोलू द्या. फक्त राजीनामा, घटस्फोट, दीक्षेसाठी दागिने मोडणं असलं काही निघालं, तर वाद न घालता “महिनाभर थांब, अनुभव कुठे पळून जातोय?” एवढं म्हणा.

सगळ्यात कामाचा प्रश्न अगदी साधा आहे: “झोप कशी लागते?” दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातोय आणि हे चार-पाच दिवस चाललंय, तर तो उन्माद (मॅनिया) हा मानसिक आजार असू शकतो. ‘आता गरज नाही’ म्हणून मानसिक आजाराच्या गोळ्या बंद केल्या असतील, तर त्याच दिवशी घरच्यांच्या कानावर घाला. आवाज हुकूम देतायत, अन्नपाणी सोडलंय, जिवाचं बरंवाईट करायची भाषा आहे, अशा वेळी एकटं सोडू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. ‘तुला वेड लागलंय’ म्हटलंत की दार बंद. ‘झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू’ याला बहुधा होकार मिळतो.

घरचे भगताकडे न्यायला निघाले तर त्यांना सांगा, की भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

यातलं काहीच नसेल आणि तो फक्त सत्संगाला ओढत असेल, तर कारणं शोधत बसू नका. ‘बघू’ही म्हणू नका, त्याचा अर्थ तो ‘हो’ असाच घेईल. “सत्संगाला नको, रविवारी चहाला ये.”