लेकवरचा डॉक लाकडी की ॲल्युमिनियमचा? या चुका टाळा

अमेरिकेत मिनेसोटात लेकवर, म्हणजे तळ्याकाठी, केबिन घेतलं की डॉकचा, म्हणजे काठापासून पाण्यात जाणाऱ्या खांबांवरच्या धक्क्याचा, प्रश्न येतोच, आणि आपण तो नेमका जूनमध्ये सोडवायला बसतो. ऊन पडलेलं असतं, पोरं पाण्यात उड्या मारत असतात, शेजाऱ्याच्या सीडरच्या (देवदारासारख्या लाकडाच्या) फळ्या अनवाणी पायाला इतक्या छान लागतात की तिथल्या तिथे लाकूड ठरतं. आमचंही असंच ठरलं होतं. पण डॉक निवडताना डोळ्यासमोर ऑक्टोबर आणा, कारण तेव्हा वेडर (छातीपर्यंतची पाणी न शिरणारी पँट) घालून कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून तो बाहेर काढायचा असतो. उन्हाळाभर पाणी प्यायलेला दहा फुटी लाकडी भाग आम्हा चौघांना कसाबसा हलला. दिराची पाठ धरली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं आणि पाणी पीत नाही, त्यामुळे तसाच भाग दोघं सहज उचलतात, चाकांचा डॉक असेल तर नुसता ओढून काठावर घेता येतो.

"मग राहू दे की पाण्यातच", ही त्यापुढची चूक. पाणी गोठताना जवळजवळ 9 टक्के फुगतं. बर्फाची लादी खांबांना घट्ट धरते, खालून पाण्याची पातळी वाढली की खांब धरूनच वर येते आणि ते उपसले जातात. एप्रिलमध्ये बर्फ सुटतो तेव्हा वाऱ्याने अख्ख्या लाद्या काठावर येऊन चढतात, त्यांच्यापुढे ना लाकूड टिकतं ना ॲल्युमिनियम. म्हणून उचलायला माणसं नसतील तर डॉक लहान घ्या, पण काढता येईल असाच घ्या.

आता ज्या चुकीने आमचे सगळ्यात जास्त पैसे गेले ती. दुसऱ्या वेळी आम्ही शहाणपणा म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम घेतली आणि वर दुकानातल्या स्वस्त हिरवट ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) फळ्या ठोकल्या. दोन वर्षांनी फळी उचलून बघितली तर खाली पांढरी पूड, आणि पूड पुसली की धातूला सुईने टोचल्यासारखे खड्डे. झालं काय, तर 2003 च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती लाकडासाठी आर्सेनिकवालं ट्रीटमेंट बंद झालं आणि त्याच्या जागी जास्त तांब्याचं आलं. तांबं, पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तुमच्याकडे अशी पूड दिसत असेल तर फळ्या काढा, फ्रेम ब्रशने साफ करा, खड्डे वरवरचे असतील तर मध्ये जाड रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी घालून काम भागतं. खड्डे खोल असतील, विशेषतः वेल्डिंगजवळ, तर तो भाग बदला. नवीन करताना सरळ सीडर टाका, त्याला तांब्याच्या औषधाची गरजच नसते. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि वर सीडरचे उचलता येणारे पॅनल, मला तरी हीच जोडी सगळ्यात पटते. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या आणि आटे अडकू नयेत म्हणून पेस्ट लावून बसवा.

डॉक डुलतो अशी तक्रार हलक्या ॲल्युमिनियमची जास्त असते. आधी तळ बघा, चिखल असेल तर खांबाखाली रुंद पाय हवेत, नाहीतर एकच कोपरा खचत जातो आणि आपण उगाच बोल्ट आवळत बसतो. मग तिरके आडवे बार लावा. लाकडाचं म्हणाल तर व्हार्निश लावूच नका, त्याचे पोपडे निघतात, आत मुरणारं तेल लावा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर सीडरचे तंतू उभे राहतात आणि पोरांच्या पायात कुसळं जातात.

आणि दिव्याची वायर. ॲल्युमिनियमच्या डॉकवर घरातलं एक्स्टेन्शन ओढून ठेवलेलं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून करंट सोपा जातो, त्यामुळे पाण्यात करंटची थोडी गळती झाली तरी पोहणारा माणूस आखडतो आणि बुडतो. ओलं लाकूडही काही वाचवत नाही. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून गळती संरक्षण लावून घ्या, दरवर्षी तपासा, आणि वायर असलेल्या डॉकजवळ पोहू नका. सोलरचे दिवे पुरतात की.

कोकणातून कोणी खाडीसाठी विचारत असेल तर हे हिशोब तिथे जसेच्या तसे लावू नका. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या जातीचा किडा असतो, जो आमच्या लेकमध्ये नाही, आणि धातू तिथे फार वेगाने खाल्ला जातो.

जुना डॉक घेणार असाल तर उलटा करून बघा. लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर घेऊ नका. आणि दुसऱ्या लेकवरून आणलेला असेल तर इथल्या नियमाप्रमाणे पाण्यात घालायच्या आधी 21 दिवस पूर्ण वाळवावा लागतो, झेब्रा मसल (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले) त्याच्याबरोबर येऊ नयेत म्हणून. त्यामुळे मेमध्ये टाकायचा असेल तर एप्रिलमध्येच आणून ठेवा.