पिंजऱ्यात उंदीर येत नाही? या चुका टाळा

रात्री पिंजऱ्यात भजी अडकवली, सकाळी भजी गायब आणि झडप उघडीच. यावर घरातलं ठरलेलं वाक्य म्हणजे "उंदीर फार हुशार झालेत." हुशार ते होतेच. पण बहुतेक वेळा गणित चुकतं ते आधीच. घरात नेमकं कोण शिरलंय हे न बघता दुकानात मिळेल तो पिंजरा आणायचा आणि रात्रीच्या जेवणातलं उरेल ते आत अडकवायचं, मग दुसरं काय होणार?

कोण आहे ते न बघणं

पैसे खर्च करण्याआधी टॉर्च घ्या आणि ओट्याखाली, माळ्यावर, गॅस सिलिंडरच्या मागे लेंड्या शोधा. 3 ते 6 मिलिमीटरच्या, तांदळाच्या कणीएवढ्या लेंड्या इथे-तिथे सांडलेल्या असतील तर ती घरातली लहान जातीची उंदरं (पिल्लं नव्हेत). सेंटिमीटरभर किंवा त्याहून लांब आणि टोकदार असतील तर काळा उंदीर. तो चढण्यात पटाईत असतो, त्यामुळे पोटमाळा, कौलं आणि केबलची वायर हा त्याचा रस्ता. बोथट टोकाच्या लेंड्या मोरी-नाल्याच्या आसपास मिळाल्या तर गटारातला मोठा उंदीर. जिन्याखाली किंवा कुंपणाच्या भिंतीला लागून उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर घूस.

मोठी घूस किलोभर वजनाची होते. तिच्यासाठी उंदराचा साधा पिंजरा लावला तर ती आत मावतच नाही, आणि शिरलीच तर तारा वाकवून निघून जाते. उलट मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यातून लहान उंदीर आमिष खाऊन आरामात बाहेर पडतो, कारण त्याला 6 मिलिमीटरची फट पुरते. लहान उंदरांना लाकडी चाप किंवा बारीक जाळीचा पिंजराच हवा.

आणि लांब सोंड, उग्र वास, चूंचूं आवाज असेल तर ती चिचुंद्री. तिचा उंदराच्या कुळाशी संबंध नाही, तिचं मुख्य खाणं म्हणजे झुरळं आणि किडे. शेंगदाण्याला ती कशाला भुलेल? दाराखालची फट बुजवा, झुरळं कमी करा, ती आपोआप यायची थांबते.

पहिल्याच रात्री झडप लावणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की लगेच हुंगायला येतो. मोठ्या उंदराचं, म्हणजे काळ्या आणि गटारातल्या उंदराचं, उलट. रोजच्या वाटेवर काही नवीन दिसलं की तो काही दिवस तिकडे फिरकत नाही. आपण मात्र दोन रात्री वाट बघतो, पिंजरा उचलतो, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतो. म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा नवी वस्तू, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मोठ्या उंदरासाठी पिंजरा ठेवा, आत आमिष ठेवा, पण झडप बांधून उघडीच राहू द्या. चार-पाच रात्री त्याला आत येऊन खाऊन जाऊ द्या. आमिष रोज संपू लागलं की मगच झडप लावा. घरातल्यांना हे पटवणं अवघड जातं ("उंदराला काय पाहुणचार करतोय का?"), पण उंदीर मिळतो तो असाच.

झडप लावण्याआधी खिटी तपासा. आमिषाच्या आकड्याला पेन्सिलीच्या टोकाने हलकेच ढकला, झडप त्याच क्षणी खाली आली पाहिजे. जुन्या पिंजऱ्याची खिटी गंजून अडकलेली असते. उंदीर आकड्याला लोंबकळून भजी खातो तरी ती सुटत नाही. गंज घासून काढा, सांध्यावर तेलाचा थेंब सोडा. आमिष नुसतं टोचू नका, दोऱ्याने आकड्याला घट्ट बांधा, म्हणजे ओढल्याशिवाय सुटणार नाही. पिंजऱ्यावर गोणपाट टाका. आत अंधार होतो आणि बाहेरून जाळीतून आमिष ओढता येत नाही.

आमिष आपल्या आवडीचं ठेवणं

चीज हे कार्टूनमधलं आमिष. सुकट, बोंबलाचा तुकडा, भाजलेलं खोबरं, शेंगदाणा, भजी हे वासाचे आणि तेलकट पदार्थ जास्त चालतात. पण खरा नियम वेगळा आहे: तिथे ज्याची टंचाई आहे ते ठेवा. धान्याच्या गोदामात किंवा किराणा दुकानात शेंगदाण्याला कोण विचारतो? तिथे पाणी नसतं, आणि मोठ्या उंदराला पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात अशा जागी टोमॅटोची किंवा काकडीची फोड ठेवून बघा.

घरात मात्र आधी बाकीची पंगत उठवावी लागते. उघडा कचऱ्याचा डबा, कुत्र्या-मांजराची रात्रभर भरलेली वाटी, देवघरातला नैवेद्य हे सगळं समोर असताना तो पिंजऱ्यात का जाईल? समईतली तेलात भिजलेली वातसुद्धा उंदीर पळवतो. पेटती असेल तर आगीचा धोका वेगळाच.

खोलीच्या मधोमध पिंजरा

उंदीर भिंतीला अंग घासत पळतो. भिंतीवर खालच्या बाजूला काळपट, तेलकट पट्टा दिसला तर तीच त्याची वाट. पिंजरा भिंतीलगत, तोंड वाटेच्या दिशेने ठेवा. लाकडी चाप भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. लहान उंदीर बिळापासून फारसा लांब जात नाही, म्हणून एकच चाप ठेवण्यापेक्षा तीन-चार चाप जवळजवळ ठेवा.

चिकट पॅड आणि औषध

चिकट पॅड मी वापरत नाही. धूळ बसली की तो निकामी होतो, मोठा उंदीर पॅडसकट पळतो, आणि अडकतात त्या पाली आणि चिमण्या. अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही या पॅडच्या विरोधात सूचना काढलेल्या आहेत. पाल किंवा पक्षी अडकला तर ओढू नका, गोडंतेल सोडून हळूहळू सोडवा.

औषधाबाबत घोळ होतो तो घाईमुळे. उंदराला उलटी होत नाही, म्हणून नवीन खाणं तो आधी चाखून बघतो. झिंक फॉस्फाइड या उंदराच्या विषाचं आमिष थोडंसं खाऊन बरं वाटेनासं झालं की पुन्हा त्याला तोंड लावत नाही. शेतात म्हणूनच आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष देतात. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तिथेच औषध टाकायचं. रिकाम्या बिळांवर औषध वाया जात नाही.

ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्यांचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी उंदीर मेलेला दिसला नाही म्हणून वर आणखी दुसरं औषध टाकू नका. असा उंदीर खाल्ला तर मांजर किंवा घुबडही मरू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात औषध ठेवूच नये असं माझं मत आहे. चुकून पोटात गेलंच तर पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के1 हा उतारा आहे, झिंक फॉस्फाइड आणि पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर तसा खास उतारा नाही.

सापडल्यानंतर

पिंजरा रोज सकाळी बघा, उंदीर आत दिवसभर तहानेने मरू देऊ नका. पलीकडच्या गल्लीत सोडला तर तो परत येतो, नाहीतर शेजाऱ्यांकडे जातो. मारायचाच असेल तर बादलीत बुडवण्यापेक्षा चाप लवकर काम करतो. उघड्या हाताने काहीही उचलू नका. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. हातमोजे घाला, पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. फिनेल मात्र लावू नका, त्या उग्र वासाने पुढचा उंदीर लांबूनच परत फिरेल.