किरायदार ठेवायचाय? आधी पाण्याचं लिहून घ्या

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात घर किरायानं द्यायचं म्हटलं की मालक विचारतो, पैसे किती येतील? खोली बघायला आलेला माणूस विचारतो, पाणी कसंय? मालकानंही सुरुवात तिथूनच करावी. भिंतींना रंग नंतर द्या.

1. पाणी मोजा

शहरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी प्रमाण आहे. चौघांच्या घराला 540 लिटर. तुमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येत असेल, तर एका पाळीपासून दुसरीपर्यंत 4,320 लिटर लागतात. आपल्याकडची माणसं जपून वापरतात, तीन हजारांत भागवतील. पण गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी आणि खाली तीन बिऱ्हाडं असतील, तर मार्चपासून दारात रोज पंचायत भरणार. "वरच्यांनी वॉशिंग मशीन लावली अन् टाकी रिकामी झाली" ही तक्रार सकाळी सात वाजता तुमच्याकडेच येते.

यावर उपाय खर्चाचा आहे, पण एकदाच करायचा: प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी टाकी, वेगळी लाईन, वेगळा व्हॉल्व्ह. ज्यानं संपवलं त्याचं संपलं. नळाचं पाणी साठवायला खाली हौद असेल, तर तिथून टाक्या भरण्याची मोटर कोण आणि कधी चालवणार तेही ठरवा.

उरला टँकर. बोअर आटलं की तोंडी ठरलेलं सगळं हवेत जातं, म्हणून करारात सरळ असं लिहा: "नळाचे पाणी किरायात धरले आहे. बोअर आटल्यास टँकर मालक मागवेल. खर्च त्या महिन्यात राहणाऱ्या माणसांच्या संख्येप्रमाणे वाटला जाईल, पावती दाखवली जाईल." खोल्यांप्रमाणे वाटणी करू नका. एका खोलीत दोघं आणि दुसरीत सहा जण असतात.

2. करार नोंदवाच

"अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे" हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल किरायदार सांगेल ते आधी खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्या मानानं खर्च किरकोळ आहे. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या कराराला, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते एकूण किराया आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर धरलेलं वार्षिक 10 टक्के व्याज, या बेरजेवर लागतं. आठ हजार किराया, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने असा हिशोब केला तर शुल्क दोन-तीनशे रुपयांतच बसतं. नोंदणी फी शहरात 1,000 आणि ग्रामीण हद्दीत 500. हे काम ऑनलाइन होतं.

लातूरच्या ट्युशन एरियात (कोचिंग क्लासच्या भागात) खोल्या असतील तर एक गोष्ट हमखास सुटते. अकरावी-बारावीचं पोरगं सज्ञान नसतं, त्याच्या सहीचा करार कायद्यात टिकत नाही. करार वडिलांशी किंवा आईशी करा, ते गावाकडे राहत असले तरी. सोबत आई किंवा आजी स्वयंपाकाला राहणार असेल तर तिचंही नाव घाला, म्हणजे पुढं माणसं मोजताना वाद नको. किरायदाराची माहिती पोलिसांकडेही द्या.

3. चावी देताना

मोबाईलवर व्हिडिओ काढा: नळ, फरशी, खिडक्या आणि विशेषतः भेगा. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हलतं, भिंती तडकतात. त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापणं बरोबर नाही, आणि व्हिडिओ असला की तो विषयच निघत नाही. मीटरच्या रीडिंगचा फोटो दोघांच्याही मोबाईलवर ठेवा.

लाईटचं शक्यतो स्वतंत्र मीटरच घ्या. सबमीटरवर तीन घरं असली की युनिटं एका बिलात जमा होतात, बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं आणि मग "आमचं एवढं कसं?" सुरू होतं.

4. किराया थकला तर

किराया खात्यावर घ्या, पावती द्या. पावती देणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे.

थकला की पुष्कळ मालकांचा हात आधी व्हॉल्व्हकडे जातो. ते करू नका. पाणी, लाईट तोडून माणसाला बाहेर काढायला भाडे नियंत्रण कायदा मनाई करतो, आणि तक्रार झाली तर तुमची बाजू बरोबर असूनही तुम्हीच अडकता. आधी लेखी नोटीस द्या. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करा. मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या किरायाच्या दुप्पट भरपाई मागता येते. नोंदवलेला करार इथं उपयोगी पडतो.

5. हाती किती उरतं ते बघा

समजा फ्लॅट 30 लाखांचा आणि किराया 8,000. वर्षाला 96,000, म्हणजे 3.2 टक्के. त्यातून मालमत्ता कर, दुरुस्ती आणि रिकामा गेलेला महिना वजा करा. ट्युशनच्या खोल्या मे महिन्यात नीट (मेडिकल प्रवेश) परीक्षेनंतर रिकाम्या होतात आणि दहावीचे निकाल लागून प्रवेश सुरू होईपर्यंत तशाच राहतात. दुसरं घर केवळ किरायासाठी घेणाऱ्यांनी ही बेरीज-वजाबाकी घेण्याआधी करावी. जागेची किंमत वाढेल या भरवशावर घेत असाल तर तो वेगळा हिशोब, पण प्लॉट गुंठेवारीतला (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला) नाही ना आणि त्याचा बिगरशेती (एनए) वापर कायदेशीर आहे ना, हे तपासूनच.

इन्कम टॅक्समध्ये भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या किरायावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. त्यासाठी दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत.

6. सोडताना

व्हिडिओ समोर ठेवून दोघांनी घर बघा. शेवटचं लाईट बिल नंतर येतं, म्हणून रीडिंगवरून अंदाज काढा, तेवढीच रक्कम मागं ठेवा आणि बाकीचं डिपॉझिट चावी हातात येताच खात्यावर टाका. बिल आल्यावर त्याचा फोटो पाठवून उरलेले पैसेही परत करा. लातुरात पुढच्या जूनला धाकट्या भावासाठी खोली शोधत तेच कुटुंब परत येतं.