मोंढा गजबजायच्या आधी साइट हलकी करून घ्या

दसऱ्याच्या आगेमागे नवं सोयाबीन मोंढ्यात यायला लागतं आणि लातूर, परभणी, हिंगोलीकडच्या भाव सांगणाऱ्या साइटींवर एकदम झुंबड उडते. माल आज भरायचा की चार दिवस दम धरायचा, हे शेतकरी मोबाइलवर भाव बघून ठरवतो. रानात नेटवर्कची एकच कांडी असते, पान नुसतं गरगर फिरत बसतं, आणि तो वैतागून आडत्यालाच फोन लावतो. पान लवकर उघडावं यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे, पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू करणं, म्हणजे फाइली पाठवण्याआधी दाबून लहान करणं. सेटिंग चार ओळींचं आहे. वेळ जातो तो आधीच्या आणि नंतरच्या तपासणीत, म्हणून ही यादी हंगामाच्या आधीच हातावेगळी करा.

सुरुवात आहे ते बघण्यापासून. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये पान रिलोड करा, पहिल्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर (फाइलीसोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती) वाचा. तिथे ‘कन्टेन्ट-एन्कोडिंग’ पुढे ‘जीझिप’ किंवा ‘बीआर’ दिसलं (बीआर म्हणजे ब्रॉटली; दोन्ही दाबायच्या पद्धती) तर कॉम्प्रेशन चालू आहे. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. उबंटूवर एनजिनएक्स (पानं पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) बसवलं की जीझिप आधीपासून चालू असतं, मात्र कोणकोणत्या प्रकारच्या फाइली दाबायच्या ती ओळ कॉमेंटमध्ये, म्हणजे बंद पडून असते. मग एचटीएमएल तेवढं दाबून जातं, आणि स्टाइलशीट, जावास्क्रिप्ट, भावांचा जेसन (आकड्यांची डेटा-फाइल) हे सगळं जसंच्या तसं फुगलेलं जातं. म्हणून यादीतली एकेक फाइल उघडून हेडर बघा, आणि मूळ आकार व प्रत्यक्ष नेटवरून आलेला आकार हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. नंतर फरक सांगताना हेच कामाला येतात.

मराठी साइटवाल्यांनी हे काम आधी का करावं, ते जरा सविस्तर सांगतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबवर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, इंग्रजीचं अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि पाय मोडायच्या हलन्तालाही तीन-तीन बाइट लागतात. भावाच्या टेबलातला ‘सर्वसाधारण’ हा एवढासा शब्द घ्या: सुटी चिन्हं मोजली तर दहा, म्हणजे 30 बाइट. पण त्या तीन बाइटांतला पहिला कायम तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. बदलतो तो मुख्यतः तिसरा. त्यात बाजार समित्यांच्या टेबलात ‘आवक’, ‘किमान दर’, ‘कमाल दर’, ‘क्विंटल’, ‘सोयाबीन’, ‘पिवळा’ हेच शब्द आणि टेबलाचे तेच टॅग ओळीमागून ओळ येत राहतात. जीझिपच्या पोटातली डिफ्लेट पद्धत नेमकी अशाच मजकुरावर चालते. मागच्या 32 केबीत तीच बाइटांची रांग आधी येऊन गेली असेल तर ती पुन्हा न लिहिता ‘इतकं मागे जा, इतकं उचल’ एवढीच खूण ठेवते, आणि वारंवार येणाऱ्या बाइटाला कमी बिट देते. देवनागरीचा तिपटीचा भार त्यामुळे बराचसा उतरतो.

दुसरं कारण जोडणीचं. नव्या टीसीपी जोडणीवर सर्व्हर पहिल्या झटक्यात साधारण दहा पाकिटं, म्हणजे 14 केबीच्या आसपास पाठवतो आणि फोनकडून पोच येईपर्यंत थांबतो. दाबलेलं एचटीएमएल तेवढ्यात बसलं तर एक हेलपाटा वाचतो. चांगल्या नेटवर तो जाणवतही नाही. बांधावर मात्र स्पष्ट जाणवतो.

आता सर्व्हर कोणता आणि त्यावर तुमचा हात कुठवर पोचतो, हे विचारून घ्या. शेअर्ड होस्टिंगवर बहुतेक वेळा अपाचे किंवा लाइटस्पीड असतं आणि तुमच्या हातात फक्त ‘डॉट एचटीऍक्सेस’ फाइल असते. अपाचेचं मॉड्यूल मॉड-डिफ्लेट. त्याच्या ओळी ‘इफ-मॉड्यूल’च्या चौकटीतच टाका, मॉड्यूल नसलं तर त्या गुपचूप वगळल्या जातात, नाहीतर अख्खी साइट 500 चा एरर देऊन बसते. स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा वेगळा आभासी सर्व्हर) असेल तर एनजिनएक्सची कॉन्फिग थेट बदलता येते. काहीही असो, आधी मूळ फाइलची प्रत तारीख घालून बाजूला ठेवा.

प्रकारांच्या यादीत साधा मजकूर, सीएसएस, जेसन, एक्सएमएल आणि एसव्हीजी हवेतच. जावास्क्रिप्टला काही सर्व्हर ‘टेक्स्ट’ म्हणतात, काही ‘ऍप्लिकेशन’, म्हणून दोन्ही नावं लिहा. एचटीएमएल एनजिनएक्समध्ये आपोआप धरलं जातं. जेपेग, पीएनजी, वेबपी, एमपी-४, झिप मात्र यादीत घालू नका. जिनिंगमधून बांधून आलेली कापसाची गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर वीजबिल तेवढं वाढतं; इथे सीपीयूचं तसंच होतं. पीडीएफही बहुधा आतून दाबलेल्याच असतात. देवनागरी फॉन्टकडे मात्र वेगळं लक्ष द्या, जोडाक्षरांमुळे ते चांगलेच जड असतात. टीटीएफ वापरत असाल तर त्याला दाबण्यापेक्षा वॉफ-२ रूपच घ्या. त्यात ब्रॉटली आतच असतं, वरून काही करावं लागत नाही.

किती दाबायचं? जीझिपला 1 ते 9 पायऱ्या आहेत आणि एनजिनएक्स न सांगता 1 धरतं. 5 किंवा 6 ठेवा. 9 वर नेऊन आकार नावापुरता घटतो आणि ऐन गर्दीत लहान व्हीपीएस धापा टाकतो. किमान लांबीही ठरवा: एनजिनएक्सची मूळ मर्यादा 20 बाइटांची आहे, ती हजाराच्या घरात नेली तरी चालतं, चिमुकल्या फाइली दाबून हाती काही लागत नाही. ब्रॉटलीने मजकूर आणखी बारीक होतो, पण ब्राउझर ते एचटीटीपीएसवरच मागतात, आणि एनजिनएक्सला त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं. ते बसवायला होस्टिंगवाला कां-कू करत असेल तर जीझिपवर भागवा, भांडत बसू नका.

दोन सेटिंगं हमखास राहून जातात. पहिलं ‘व्हेरी’ हेडर: त्यात ‘ऍक्सेप्ट-एन्कोडिंग’ नसलं तर मधला कॅशे (पानांच्या प्रती साठवून देणारा) दाबलेली प्रत न मागणाऱ्यालाही देऊ शकतो. मॉड-डिफ्लेट हे स्वतःहून लावतं, एनजिनएक्समध्ये चालू करावं लागतं. दुसरं, प्रॉक्सीमार्फत, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, ‘व्हाया’ हेडर घेऊन आलेल्या विनंत्यांना एनजिनएक्स मुळात दाबतच नाही. पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल तर हे आवर्जून बघा. शिवाय कॉम्प्रेशन एकाच ठिकाणी ठेवा. पीएचपीचं वेगळं, वर्डप्रेसच्या कॅशे प्लगइनचं वेगळं आणि सर्व्हरचं वेगळं असं तीनदा चालू असलं की कधीतरी पानावर चिन्हांचा रबडा दिसतो आणि दोष कुणाचा ते दिवसभर सापडत नाही.

लॉगिन असलेल्या पानांना थोडं जपून. 2013 मध्ये ब्रीच नावाचा हल्ला जाहीर झाला: एकाच दाबलेल्या पानात गुप्त टोकन (लॉगिनची छुपी खूण) आणि बाहेरून आलेला मजकूर दोन्ही असतील, तर आकाराच्या चढउतारावरून टोकन ओळखता येतं. भावांच्या उघड्या पानाला त्याची धास्ती नाही. आडत्यांच्या खात्याची पानं असतील तर तिथे कॉम्प्रेशन बंद ठेवा, किंवा टोकन दर विनंतीला बदलेल असं डेव्हलपरकडून करून घ्या.

प्रत्यक्ष बदल सौदे चालू असताना करायचा नाही. संध्याकाळी मोंढा पांगल्यावर करा. आधी कॉन्फिग तपासायची कमांड द्या, ती ‘ठीक’ म्हणाली की रीलोड करा, रीस्टार्ट नको. सीडीएनचा कॅशे रिकामा करा. मग पुन्हा एकेक फाइल उघडून वहीतल्या आकड्यांशी ताडा, आणि जेसन विसरू नका, रोज बदलतो तोच. ऑफिसच्या वायफायवर हा फरक कळणार नाही; औसा किंवा जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या ओळखीच्याला साध्या फोनवर, मोबाइल डेटावर पान उघडायला सांगा. एक-दोन दिवस सर्व्हरच्या सीपीयूवर नजर ठेवा, चढलेला दिसला तर पायरी एक-दोनने उतरवा. आणि होस्टिंग बदललं, सर्व्हर हलवला किंवा वर्डप्रेस नव्याने बसवलं की हेडर परत बघा, कारण अशा हलवाहलवीत हे सेटिंग गळून पडतं आणि साइट उघडत राहते म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.